झुंबरची लेक पाणी अडवते

मनमाडची माणसं पाण्याच्या गोष्टी सांगायला बसली की लवकर उठत नाहीत. नळ कधी आला होता, कुणाच्या ड्रमला गळती लागली, कुणी कुणाच्या नळीवर मुद्दाम पाय दिला, सगळं तोंडपाठ. संजना नाशिकला शिकायला आली तेव्हा इथे रोज पाणी येतं याचंच तिला कितीतरी दिवस अप्रूप होतं. नळ चालू ठेवून निवांत दात घासणाऱ्या मैत्रिणींकडे ती अशी बघायची, जणू त्या पातेलंभर दूध मोरीत ओतताहेत.

पाण्याला इतक्या महाग गावात तिच्या आजोबांनी पाणपोई चालवली. आजोबा रेल्वेत गँगमन. त्यांच्या मूळ गावात त्यांना विहिरीवर पाय ठेवायची बंदी होती. कुणाला दया आलीच तर तो वरून ओंजळीत धार सोडायचा, नाही तर तोंड फिरवून चालता व्हायचा. मनमाडला नोकरी लागल्यावर आलेल्या बाबासाहेबांच्या पहिल्याच जयंतीला आजोबांनी फलाटावर दोन रांजण मांडले आणि येईल त्याला पाणी पाजायला सुरुवात केली. त्यांच्यामागे त्यांचा मुलगा झुंबर, म्हणजे संजनाचे पप्पा, रेल्वेतलीच सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनची ड्यूटी सांभाळून दर उन्हाळ्यात तेच करत राहिले.

संजनाची प्रत्येक मोठी सुट्टी त्या फलाटावर गेली. गाडी शिरायला लागली की खिडक्यांमधून हात बाहेर यायचे. हातात बाटल्या, तांबे, फिरकीचे डबे, जे असेल ते. संजना छोटी किटली घेऊन डब्याच्या कडेनं पळायची. रांजणात वाळ्याची जुडी टाकलेली असायची, तिचा वास अजूनही कुठे आला तरी तिची पावलं थबकतात. पप्पांचं आपलं एकच पालुपद चालू असायचं, "प्या, प्या, अजून घ्या, लाजू नका." पोट भरलेल्या माणसालाही ते आणखी अर्धा तांब्या पाजायचे. बायका जाता जाता तिच्या गालावरून हात फिरवायच्या, आणि गाडी सुटली की फलाट एकदम सुना वाटायचा. त्या सुनेपणातही किती सुख होतं, हे तेव्हा कुठे कळत होतं.

पुढे सगळीकडे बंद बाटलीतलं पाणी आलं. डब्यांच्या काचा बंद झाल्या. लोक रांजणाकडे संशयानं बघायला लागले, आणि एका वर्षी जयंती आली तरी रांजण निघाले नाहीत. पप्पा रिटायर झाले आणि लेकीच्या शिक्षणापायी नाशिकला इंदिरानगरात दोन खोल्या घेऊन राहिले. घरी कुणीही आलं, अगदी गॅसवाला आला, तरी त्याच्या हातात ग्लास दिल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. हा माणूस कशाला झुरतोय, हे संजनाला नेमकं ठाऊक होतं.

ती शिकत होती आपत्कालीन वैद्यकीय सेवा, आणि त्यातही लांब पल्ल्याच्या शर्यतींमध्ये धावपटूंना सांभाळायचं खास काम. नाशिकला हल्ली धावणाऱ्यांचं आणि सायकली हाणणाऱ्यांचं पेव फुटलंय, त्यामुळे या कामाला मागणी होती. शिकवायला उज्वला मॅडम होत्या, मोजकं बोलणाऱ्या डॉक्टर. एकदा वर्गातली मुलगी पेशंट होऊन जमिनीवर पडली, पाणी पाणी करायला लागली, आणि संजनानं काही तपासायच्या आधीच बाटली तिच्या तोंडाला लावली. मॅडम म्हणाल्या, गेली तुझी पेशंट. मग त्यांनी समजावलं. घामावाटे मीठ जातं, वरून माणूस नुसतं पाणी पीत राहतो, रक्तातलं मीठ पातळ होतं आणि मेंदूला सूज येते. दिसायला तो उन्हानं गळून गेल्यासारखाच दिसतो, पण त्याला आणखी पाणी पाजणं म्हणजे त्याचा जीव घेणं.

जेवताना तिनं हे पप्पांना सांगितलं. ते खो खो हसले. पाण्यानं माणूस मरतो असं मनमाडात जाऊन बोलू नको, लोक दगड घेऊन मागे लागतील, म्हणाले.

जानेवारीत गंगापूर धरणाच्या बाजूला मोठी शर्यत होती. धावपटूंनी गिरणारे रस्त्यावर ठरावीक अंतराच्या फेऱ्या मारायच्या होत्या, म्हणजे प्रत्येक फेरीत तेच टेबल, तेच तंबू. संजनाची तिथल्या वैद्यकीय तंबूत उज्वला मॅडमच्या हाताखाली नेमणूक झाली. पाणी द्यायला स्वयंसेवक हवेत असं कानावर आल्यावर पप्पांनी दुसऱ्याच दिवशी नाव दिलं आणि टेबल मिळालं ते नेमकं तिच्या तंबूला लागून. पहाटेच्या थंडीत ते मफलर गुंडाळून उभे राहिले, पहिला धावपटू आला आणि त्यांचा तो जुना आवाज रस्त्यावर घुमला. "प्या, प्या, अजून घ्या, लाजू नका." संजनाच्या डोळ्यांपुढे फलाट उभा राहिला. आजोबा असते तर, असंही तिला वाटून गेलं.

पप्पांचा विशेष जीव जडला तो सुवर्णाताईंवर. एका शाळेत क्लार्क असलेल्या चाळिशीतल्या या बाई पहिल्यांदाच एवढं लांब धावत होत्या आणि सगळ्यांत मागे होत्या. दर फेरीला पप्पा त्यांना थांबवून दोन-दोन ग्लास पाजत. वडीलधाऱ्यांचा हात मागे सारायची बाईंना सवय नव्हती. नको झालं तरी त्या गटागटा पिऊन, हसून पुढे जात. संजना तेव्हा तंबूत कुणाच्या तरी पायाचे फोड बांधण्यात गुंतलेली होती.

दुपारी बाई टेबलापुढे आल्या आणि खालीच बसल्या. डोकं फुटतंय म्हणाल्या, मग भडभडून ओकल्या. उन्हानं जीव घाबरा झालाय बिचारीचा, असं म्हणत पप्पा पाण्याचा जग घेऊन धावले, बाईंचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. संजना पोचली तेव्हा जगाची कड ओठांना लागायची तेवढी बाकी होती.

तिनं बाईंचा हात पाहिला. बोटं फुगलेली, अंगठी मांसात रुतलेली. ओकारीत पाण्याशिवाय काही नव्हतं आणि जीभ ओली होती. कुठे आहात, असं तिनं विचारलं, तर बाई म्हणाल्या, शाळेची घंटा झाली का? मग तिच्याकडे बघून त्यांनी हात पुढे केला.

"पाणी."

संजनाला सगळं कळलं होतं, तरी तिचा हात उचलेना. तीन पिढ्यांचं घर त्या एका शब्दाच्या बाजूनं उभं होतं. मग तिनं पप्पांचं मनगट घट्ट धरलं.

"पप्पा, नको. एक घोटसुद्धा नको."

भोवती माणसं जमली होती. कसली निर्दयी पोरगी आहे, असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. पप्पा तिच्याकडे बघतच राहिले.

"आपल्या घरात पाण्याला कुणी नाय म्हणलेलं नाय, संजू."

"मरेल ती, पप्पा."

त्यांनी जग खाली ठेवला. संजनानं बाईंना कुशीवर वळवून मॅडमना हाक दिली, आणि मॅडम येईपर्यंत बाईंना झटका आला. हातपाय ताठ झाले, डोळे फिरले. पप्पांनी ते सगळं पाहिलं. मॅडमनी बोटातल्या रक्ताच्या थेंबावर मीठ तपासलं, घाईनं दाट मिठाचं सलाइन लावलं आणि बाईंबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये चढल्या. कोसळल्यावर पाणी दिलं का, एवढंच त्यांनी जाताना विचारलं. नाही म्हटल्यावर मान हलवली.

पप्पा तंबूमागे एका दगडावर जाऊन बसले. संजनाला ड्यूटी सोडता येत नव्हती. बाईंचा पुढे केलेला हात डोळ्यांपुढून हलत नव्हता. विहिरीवरून तोंड फिरवणारा तो माणूस आपणच आहोत, असं तिला वाटत राहिलं, आणि आपण बरोबर होतो हे ठाऊक असूनही ते वाटणं जाईना.

ऊन कलल्यावर मॅडमचा फोन आला. बाई शुद्धीवर आल्या होत्या, नवऱ्याला ओळखत होत्या. आणखी ग्लासभर पोटात गेलं असतं तर आपल्या हातात काही राहिलं नसतं, मॅडम म्हणाल्या. संजनानं जाऊन पप्पांना सांगितलं. 

"मीच पाजलं ना गं तिला एवढं?"

"तुम्हाला कुठे माहीत होतं, पप्पा."

"तू सांगितलं होतं की जेवताना. मी हसलो."

तेवढ्यात टेबलाशी एक धावपटू येऊन गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. टेबलावर कुणी नव्हतं. पप्पा सवयीनं उठले, त्यांनी ग्लास भरला, पोराच्या दिशेनं हात नेला आणि मध्येच थांबवला. ग्लास तसाच धरून ते तिच्याकडे वळले.

"संजू, याला देऊ का?"

संजनानं पोराकडे पाहिलं. ओठ सुकून फुटलेले, कपाळावर मिठाचे पांढरे ओघळ. तिनं त्याची बोटं पाहिली, ती फुगलेली नव्हती; शेवटचं पाणी कधी प्यायलास म्हणून विचारलं, मिठाचं पाकीट त्याच्या हातात दिलं.

"द्या, पप्पा," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.