आप्पांच्या ट्रामचा पुरावा

सोलापुरात एके काळी ट्राम होती, असं आज सांगितलं तर लोक हसतील. हसोत बापडे! तेव्हाही हसायचेच, आणि ते हसणं माझ्या वडिलांच्या वाट्याला यायचं. स्टेशनापासून गिरणीपर्यंत रुळांवरून बैलजोडी डबा ओढायची आणि ती हाकायचे आमचे आप्पा. माझ्या जन्माआधीच कंपनी बुडाली आणि गाडी बंद पडली.

एकोणीसशे तीसच्या आसपास मी नुकताच शाळेत मास्तर झालो होतो. आप्पा संध्याकाळी नाक्यावरच्या हॉटेलात चहाला जायचे. तिथलं तरण्या पोरांचं टोळकं मुद्दाम विचारायचं, "काय आप्पा, आज ट्राम लेट का?" आप्पा उसळायचे, "व्हती म्हणतो न्हवं! लई झ्याक व्हती!" की सगळे खो खो हसायचे. मग म्हातारा घरी येऊन न जेवता भिंतीकडं तोंड करून पडायचा. एकदा मला म्हणाले, "तू शिकलेला हायस. एक कागद तरी आण की रं. मरायच्या आत त्यांच्या तोंडावर मारतो."

माझा स्वभाव आधीच तापट. म्हटलं, आणतोच!

सुट्टीभर कचेरीत खेटे घातले. नकाशे वाळवीनं खाल्लेले. शेवटी कारकून म्हणाला, "मास्तर, ते रूळ जमा व्हायचे होते, पण लोकांनी उपटून नेले. कुठं दिसले तर सांगा, जप्त करतो. रूळ मिळाले की ट्राम होती असा दाखलाही देतो, सही-शिक्क्यासकट." मला त्यातलं 'दाखला' एवढंच ऐकू आलं.

मग काय, खाली मान घालून गल्ल्या तुडवायला लागलो. कुठं लोखंडाचा तुकडा दिसतोय का, म्हणून दगडमाती उकरली. असा गाढव मी! ज्या गावात घरोघरी माळवद, म्हणजे वर मातीचा हातभर थर, तिथं हाती लागलेलं असलं लोखंड कुणी जमिनीवर ठेवील का? पण हे सुचलं नाही.

साखर पेठेत एक पोर बरेच दिवस शाळेत आली नव्हती, म्हणून तिच्या घरी गेलो. तेलुगू विणकराचं घर, एकच खोली. पोरीची आई सुताच्या कांड्या भरत होती, आणि शेजारी तान्हं बाळ झोळीत झोपलेलं. झोळी कशाला बांधलीय म्हणून सहज वर पाहिलं, तर छताला तुळई म्हणून धुरानं काळा झालेला रूळ! टोकाला बोल्टाची भोकंसुद्धा.

मी धावतपळत आप्पांना घेऊन आलो. त्यांनी हात वर करून रूळ चाचपला आणि घळाघळा रडायला लागले. "हाच... हाच की रं!" बाई घाबरली. म्हणाली, "सासऱ्यांनी आणला, मास्तर. आधीची लाकडाची तुळई मोडली, त्यात सासू गेली माझी."

मी आपल्याच तंद्रीत. "आप्पा, उद्याच कारकुनाला घेऊन येतो. लगेच जप्ती करून दाखला देणार आहे तो."

आप्पांनी वळून माझ्याकडं असं पाहिलं, की आजही अंगावर काटा येतो. "आन् हे छप्पर काय तू डोक्यावर धरून उभा ऱ्हाणार हाईस व्हय?" मग बाईला म्हणाले, "पोरी, हितं कुणी आलं न्हवतं. आमी काय बघितलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्यामागं हॉटेलापर्यंत गेलो. टोळक्यानं नेहमीचा प्रश्न टाकला. आप्पा बाकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "न्हवती रं ट्राम. मीच थापा मारत व्हतो. चा सांगा."

हॉटेल हसून हसून लोळलं. मला आत घुसून एकेकाची गचांडी धरावीशी वाटली, पण धरून बोलणार काय? कारकुनाला जाऊन सांगितलं, काही सापडलं नाही. ते घर आता पाडलंय, सिमेंटची माडी झालीय, म्हणून हे लिहायची हिंमत केली.

आप्पा गेले तेव्हा हॉटेलातली सगळी मंडळी आली. खांदा देताना मागून एकजण हळहळून म्हणाला, "माणूस लाखातला होता. थापा तेवढ्या मारायचा."

मी म्हटलं, "हो."