पेद्रू मास्तरांचं चुकीचं उत्तर

परवा भाचीने वटारहून सुकेळी आणली. पुडी सोडताच उन्हात वाळवलेल्या केळ्यांचा मधासारखा वास आला आणि मला पेद्रू मास्तर आठवले.

स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. तिथल्या शाळेत मी नवा शिक्षक, मास्तर मुरलेले. तपासणीला आलेल्या दिपोटी साहेबांनी माझ्या वर्गाला विचारलं, "केळीची लागवड कशी करतात?" सगळी केळीच्या वाडीवाल्यांची पोरं, पण साहेबांना बघून एकही तोंड उघडेना. मी खुणा करून थकलो.

तेवढ्यात मास्तर आत आले, मागच्या रांगेत पोरांमध्ये मांडी घालून बसले आणि त्यांनी हात वर केला. "साहेब, बी पेरतात."

अख्खा वर्ग उसळला. "नाय मास्तर, केळीला बी कुठे? बुंध्याशी फुटलेले मुनवे लावतात." कुणी मुनवा केवढा हवा ते सांगू लागलं, कुणी खड्डा हातांनी दाखवू लागलं. साहेब हसून म्हणाले, "मास्तर, तुम्ही नापास."

मधल्या सुट्टीत मास्तरांनी कोटाच्या खिशातून सुकेळी काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "वर्ग गप्प बसला की आपण चुकायचं."

तेव्हा मला नुसतं सुटल्यासारखं वाटलं होतं. मास्तर गेले, मीही म्हातारा झालो. पण निवृत्त होईपर्यंत फळ्यापुढे मुद्दाम चुकत राहिलो, आणि दरवेळी माझी नजर आधी मागच्या रांगेकडे जायची.