फुकटच्या पुस्तकातल्या एकेचाळीस चुका

चौदा जूनला ताळेबंद सरांनी एका फुकटच्या पुस्तकावर एकशे शहाऐंशी रुपये खर्च केले. पुस्तक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर होते, कुणीही उतरवून घ्यावे. पण सरांना पडद्यावर वाचलेले पचत नसे. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्यांनी एकशे शहाऐंशी पाने छापून घेतली, पानाला रुपया, आणि वर पावती मागितली.

"सर, फुकटच्या पुस्तकाची पावती?"

"पुस्तक फुकट आहे. कागद काय तुझ्या सासऱ्यानं दिलाय?"

ताळेबंद हे नाव मुलांनी ठेवलेले. सरांच्या टेबलावर डावीकडे जितक्या वस्तू, तितक्याच उजवीकडे असत. हिशेबशास्त्राचे त्यांचे पुस्तक बावीस वर्षे विद्यापीठाच्या यादीवर एकटे राज्य करीत होते. आवृत्ती सतरावी, किंमत चारशे पंच्याण्णव. दर आवृत्तीला सर उदाहरणांतल्या तारखा आणि भागीदारांची आडनावे बदलत. मजकूर तोच राही, पण पाने पुढेमागे सरकत, आणि थोरल्याचे पुस्तक धाकट्याच्या कामी येत नसे. प्रकाशक याला 'सुधारित' म्हणत. सरांच्या निवृत्तीला वर्ष उरले होते. तेवढी अठरावी आवृत्ती, मागच्या बाजूला फोटोसह, निघाली की गंगेत घोडे न्हाले.

नेमके तेव्हाच विद्यापीठाने मुक्त पाठ्यपुस्तकांचे धोरण आणले. पुस्तक कुणीही वाचावे, छापावे, बदलावे. फक्त ज्यांनी काम केले त्यांची नावे ठेवावीत. असे पुस्तक सरांच्याच विभागातल्या मॅडमने वर्गातल्या मुलांना हाताशी धरून तयार केले होते. ही मॅडम एकेकाळी सरांच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसत असे. तिचे पुस्तक मंजूर झाले, तर सरांचे यादीतून जाणार होते. ते तपासायला विद्यापीठाने ज्येष्ठतेनुसार माणूस नेमला, तो म्हणजे ताळेबंद सर. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

"अहो, दुसऱ्याचं पुस्तक पाडायला पदरचे पैसे घातलेत?" बायकोने विचारले.

"पाडत नाहीये, तपासतोय."

"तेच ते. तुमच्या आई माझा स्वयंपाक असाच तपासायच्या."

सर आठ दिवस लाल पेन घेऊन बसले आणि एकेचाळीस चुका काढल्या. पुढे कुणी वाद घालू नये म्हणून त्यांनी तक्ता केला: पान, ओळ, चूक, आणि शेवटच्या रकान्यात बरोबर उत्तर. सतराव्या चुकीपाशी तर ते इतके चिडले, की शेरा मारताना कागद फाटला. खाली लिहिले, 'चुका एकेचाळीस. पुस्तक यादीस अपात्र.' तक्त्याची एक प्रत नियमाप्रमाणे मॅडमकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मॅडम हसत आली. "सर, थँक्यू हं."

"कशाबद्दल?"

"एकेचाळीस दुरुस्त्यांबद्दल. मुलांनी एकेक तपासून पाहिली आणि सगळ्या करून टाकल्या."

"म्हणजे पुढच्या आवृत्तीत येतील."

"आवृत्ती कसली, सर? काल संध्याकाळीच आल्या."

पुस्तक संध्याकाळी बदलू शकते, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. आता अहवालात चुका होत्या आणि पुस्तकात नव्हत्या. नसलेली गोष्ट कागदावर दाखवणे याला सरांच्या शास्त्रात खोटी नोंद म्हणतात.

त्यांनी मुदत वाढवून घेतली आणि पुन्हा बसले. एकोणीस चुका निघाल्या. दुसऱ्या दिवशी त्याही गेल्या. तिसऱ्या खेपेला दोनच निघाल्या, त्यातली एक टिंबाची. चौथ्या खेपेला सरांना लाल पेन उघडावेच लागले नाही. पुस्तकाच्या शेवटी काम करणाऱ्यांची यादी होती, ज्याच्या दुरुस्त्या जास्त त्याचे नाव वर. पहिले नाव सरांचे होते. पुढे आकडा, बासष्ट.

प्रकाशकांचा फोन आला. "दर्जा नाही, असं लिहून मोकळे व्हा ना सर. अठरावीचं कव्हर छापून पडलंय."

"दर्जा कुठे नाही ते लिहावं लागतं."

"कुठेतरी नसेलच की!"

दर्जा कुठे नाही हे शोधायला सरांनी शेवटी स्वतःचे पुस्तक शेजारी ठेवले आणि ओळीने ताडून पाहू लागले. स्वतःच्या पुस्तकाच्या एकशे बाराव्या पानावर त्यांचे बोट थांबले. यंत्र सहा महिन्यांनी विकलेले, आणि घसारा अख्ख्या वर्षाचा. त्यांच्या तक्त्यातली सतरावी चूक हीच होती. शेऱ्यात त्यांनीच लिहिले होते, 'मूलभूत अज्ञान.'

सकाळी त्यांनी मॅडमला बोलावले. "ते घसाऱ्याचं उदाहरण कुणी केलं होतं?"

"मुलांनी. तुमच्या पुस्तकावरून."

"तुला दिसलं नाही?"

"दिसलं. मुद्दाम राहू दिलं. सर पकडतात का, ते बघायचं होतं."

"आगाऊ आहेस."

"होतेच, सर. बारा वर्षांपूर्वी याच उदाहरणाबद्दल स्टाफरूमच्या दारात तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, पुढच्या आवृत्तीत बघू."

सरांना आठवले. त्यांनी प्रकाशकांना विचारलेही होते. ते म्हणाले होते, कुणाची तक्रार नाही ना, मग कशाला अक्षरजुळणी हलवायची? त्यानंतर सहा आवृत्त्या निघाल्या. आडनावे बदलली, घसारा बदलला नाही.

"मग परीक्षेत काय लिहिलंस?"

"बरोबर लिहिलं. तपासणाऱ्यांकडे तुमचं पुस्तक होतं. चार मार्क गेले."

सरांनी अहवाल ओढला, 'अपात्र'मधला पहिला अ खोडला आणि शेजारी नियमाप्रमाणे सही केली.

अठरावी आवृत्ती निघाली नाही. आता सर वर्गात मजकूर सांगत नाहीत. मुले फुकटच्या पुस्तकातली गणिते फळ्यावर मांडतात आणि सरांना चुका काढायला बसवतात. सरांच्या चुका मुले काढतात. एकशे शहाऐंशी रुपयांचे बिल कॉलेजने परत केले: 'साहित्य मोफत असल्याने खर्च अमान्य.' सरांनी ते घरखर्चात टाकले.

त्यांनी परीक्षा विभागालाही अर्ज केला होता. उत्तर आले, की फेरतपासणीची मुदत पंधरा दिवसांची होती. मॅडमच्या गुणपत्रिकेवर त्या विषयात एकसष्ट गुण आहेत, पासष्ट हवेत. चार गुण अद्याप देणे आहे.