बंडप्पाचं नेटवर्क

उमरग्यात हायवेला लागून शिवांजली आणि तिच्या नवऱ्याचा फोटो स्टुडिओ आहे. नवरा लग्नाचे फोटो काढतो, अल्बम ती बनवते. दीर बंडप्पा काय करतो, हे तिला इतक्या वर्षांत उमगलेलं नव्हतं. पुण्यात कसलासा कोर्स अर्धवट सोडून आल्यापासून तो स्वतःला 'सिस्टिमवाला' म्हणवून घेई.

दुकानात दोन कॉम्प्युटर, एक आतल्या खोलीत, एक बाहेर काउंटरवर; दोन्ही लिनक्सवर चालणारे. पेनड्राइव्ह घेऊन आतबाहेर करायचा कंटाळा येऊन शिवांजलीनं एका सुट्टीत ते वायरनं जोडले. आतल्या कॉम्प्युटरचा 'लग्नं' फोल्डर आता बाहेरच्यावरही उघडू लागला. बंडप्पानं त्या दिवशी वायर धरली होती तेवढीच, पण गावभर सांगत सुटला, "म्या नेटवर्क बसवलं."

"आतला आधी चालू करत जावा, भावजी. तो बंद असला तर बाहेरचा फोल्डर नुसता पोकळ असतो."

"मला नका शिकवू, वहिनी."

मग एकदा वीज जाऊन आली. सिस्टिमवाल्यानं फक्त बाहेरचा कॉम्प्युटर सुरू केला, गिरिजाबाईंच्या मुलीच्या लग्नाचे फोटो त्या पोकळ फोल्डरात ओतले आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कॉम्प्युटर जोडले गेले. फोल्डर उघडला, तर ते लग्नच गायब! गिरिजाबाई काउंटरपाशीच उभ्या होत्या.

"वहिनींचा हात लागला असंल," बंडप्पानं ठोकून दिलं.

दुधात पडलेल्या झुरळाकडं बघावं तसं शिवांजलीनं त्याच्याकडं बघितलं. "काल आतला चालू केलता का?"

"त्याचा काय संबंध?"

संबंध तिला कळला होता. तिनं जोडणी सोडवली. फोटो बाहेरच्याच डिस्कवर पडलेले होते. आतला फोल्डर जोडला गेल्यावर ते त्याच्याखाली झाकले गेले होते, एवढंच. हळदीनं माखलेली लेक पडद्यावर दिसली तशी गिरिजाबाईंनी डोळ्याला पदर लावला.

"बघा आक्का, तळाला जपून ठेवलते म्या," बंडप्पा म्हणाला.

आणि त्या बाईनं त्याच्याच डोक्यावर हात ठेवला!

गिऱ्हाईक गेल्यावर शिवांजलीनं बंडप्पाच्या लॉगिनला तो फोल्डर नुसता बघण्यापुरता ठेवला. आता त्याला त्यात काहीच टाकता येत नाही. हे अजून त्याच्या ध्यानात आलेलं नाही. फोटो सेव्ह होईना झाले, की तो समोरच्याला रुबाबात सांगतो, "सर्व्हर जरा बिझी हाय."