मास्तरांची गाडी किती देते?

...तर काल आपण मेहुण्याच्या पँटीपाशी थांबलो होतो. पण काल जे नव्हते त्यांची पंचाईत नको, म्हणून जरा मागून सुरुवात करू. पँट कुठं पळून जात नाही. पळणार कशी, मुद्दाम इतकी घट्ट शिवली होती की आत घातलेला माणूससुद्धा पळू शकला नसता!

शिवणारे आपले टेलरमास्तर. अंगानं सुतळी, गळ्यात टेप, कानावर खडू. कपड्यांच्या बाबतीत अगदी साधे, स्वतःच्या सदऱ्याचं बटण महिनोन्महिने तुटलेलं. आणि असल्या माणसाकडे गाडी कुठली, तर तांबडी स्पोर्ट्स गाडी! दोघांपुरती, लांब नाकाची, डोक्यावर छत नाही. जमिनीला इतकी लागून की आत बसायचं म्हणजे दाराला धरायचं, डोळे मिटायचे आणि बूड सोडून द्यायचं. खाली कुठंतरी सीट असतेच.

गाडी मूळची एका म्हाताऱ्या डॉक्टरांची. तिच्या गाद्या मास्तरांनी तीनदा शिवून दिल्या होत्या. डॉक्टर लेकीकडे राहायला निघाले तेव्हा किल्ली मास्तरांच्या हातात ठेवून म्हणाले, "दुसऱ्या कुणाला दिली तर तो हिचे तुकडे करून विकेल. कापता तुम्हीही, पण तुम्ही जोडायला कापता." मास्तरांचे डोळे भरून आले. मास्तरीणबाईंचेही आले, पण वेगळ्या कारणानं. कारण गाडी ठेवायची कुठं, तर घराच्या पुढच्या खोलीत. रुंद दाराची तेवढी एकच खोली, आणि मोठी खिडकीही तिथंच.

आता मास्तरीणबाईही शिवायच्या. बायकांचे कपडे, आणि हात मास्तरांपेक्षा दोन बोटं सरस; हे मास्तर स्वतः कबूल करायचे, त्या घरात नसताना. पण त्यांचं मशीन स्वयंपाकघरात, चुलीला खेटून. गिऱ्हाइकं झगा नाकाशी धरून म्हणायची, "बाई, ह्याला कांद्याचा वास येतोय." बाई तो झगा मास्तरांपुढे आपटून म्हणायच्या, "मोटारीला खिडकी आणि मला धूर! ती काय बघते हो खिडकीतून?"

त्यात लोकांच्या जिभा. गाडी पेट्रोलपंपावर उभी राहिली की समोरचा न्हावी कात्री थांबवून ओरडायचा, "मास्तर, पाजताय की आंघोळ घालताय?" एकदा पंपावरच्या पोरीनं सरळ विचारलं, "काका, किती देते हो लिटरला?" मास्तरांनी मीटर बघून हिशोब केलेला होता. आकडा नऊचा. नऊच म्हणायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात न्हावी दारात येऊन उभा राहिलेला दिसला आणि तोंडातून निघालं, "पंधरा!"

झालं. एकदा तोंडातून गेलेला आकडा आणि कात्रीखालून गेलेलं कापड परत येत नाही. नऊचे पंधरा केले ते मास्तरांना निभावणं भाग पडलं. मनात मात्र नऊ टोचायचे, सदऱ्यात राहिलेल्या टाचणीसारखे.

म्हणून मग मास्तरांनी नऊचे निदान दहा तरी करायचा चंग बांधला. गाडी चालवायची तर अनवाणी. म्हणायचे, "अंगठ्याला पोत कळतो. चप्पल घालून कुणी मलमल पारखतं का?" ब्रेकला हात लावणं, म्हणजे पाय लावणं, त्यांच्या लेखी पाप. लांबवर म्हैस दिसली की इथूनच पाय काढायचे, आणि गाडी अशी आस्ते आस्ते जायची की म्हैस रवंथ संपवून स्वतःच बाजूला व्हायची. उतार लागला की इंजिन बंद. शेजारून स्कूटरवाला जायचा, त्याचा काटा साठावर आणि मास्तरांचा चाळिशीच्याही आत. दोघं बरोबरीनं चाललेले असूनसुद्धा! मास्तर काट्याकडे प्रेमानं बघायचे. जुनी माणसं वय कमी सांगतात, तशी जुनी गाडी वेग कमी सांगत असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आणि सगळ्यात कडक नियम वजनाचा. कुणी हात केला की मास्तर एक डोळा बारीक करायचे. गावाची मापं त्यांच्या डोक्यात. चौतिसाच्या पुढच्या कंबरेला गाडीत जागा नाही! "मागच्या उन्हाळ्यात तुम्ही छत्तीस झालात," असं भर रस्त्यात सांगून मोकळे. त्यामुळे गाडीत कोण बसलं आणि कोण रस्त्यावर राहिलं, यावरून कोण सुटलंय ते सगळ्यांना कळायचं. न्हाव्याची बायको बसून गेली आणि न्हावी राहिला, त्या दिवसापासून त्याची कात्री जास्तच चालायला लागली.

शेवटी एक दिवस बाईंच्या हातातल्या झग्यावर कढईतलं तेल उडालं. गिऱ्हाइकाचा झगा, नवा कोरा. बाईंनी मशीनवर झाकण घातलं, हात पुसले आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "पंधरा देते ना?"

"कोण?"

"तुमची लाडकी. सगळ्या गावाला सांगता ना पंधरा? मग दादाला बोलावते. तो मोजेल. पंधरा दिले तर गाडी पुढच्या खोलीत, मी जन्मात बोलणार नाही. नाही दिले तर ती बाहेर आणि माझं मशीन आत. आणि चालवायची रोज चालवता तशीच, बाजारातून, वळणावळणानं. खोट्याच्या कपाळी गोटा, बघूच कुणाचं कपाळ फुटतं ते."

दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ. वजनमापं तपासणारा निवृत्त निरीक्षक. असा काटेकोर माणूस की बहिणीच्या घरी चहा घेतानाही कपाच्या कडेकडे बघायचा. आणि कंबर? चव्वेचाळीस!

मास्तरांनी मनातल्या मनात हिशोब मांडला. नऊ देणारी गाडी, त्यात चव्वेचाळिसाचं ओझं. खोली जाणार. बाहेर उन्हात उभी राहिली की तिचा रंग उडणार, आणि न्हावी जन्मभर दारात उभा राहून हसणार. त्या दिवसापासून दुकानात मेजभर जाड खाकी कापड पसरलेलं दिसायला लागलं. बाईंनी विचारलं, "हे काय?" मास्तर म्हणाले, "तंबू. गिऱ्हाइकाचा."

आणि त्याच मेजावर, खाकी कापडाच्या एका कोपऱ्यात, ती पँट तयार झाली. करड्या रंगाची, झकास पडणारी. मेहुण्याला भेट! डाव असा, की माप घ्यायचं चव्वेचाळिसाचं आणि शिवायची एक्केचाळिसाची. उभं राहिलं तर कशीबशी राहील, पण त्या खड्ड्यासारख्या सीटवर बसायची हिंमत होणार नाही. मग मेहुणा म्हणेल, भाऊजी, तुम्हीच जाऊन या, मी इथंच थांबतो. आणि एकट्या मास्तरांना उतारावर इंजिन बंद करायला कोण अडवणार?

मोजायच्या दिवशी सकाळी दादा आले ते नवी पँट घालूनच. चेहरा लालबुंद, श्वास वरच्या वर. हातात शिक्का मारलेलं लिटरचं माप. मेकॅनिकनं टाकी कोरडी केली, दादांनी फेस बसेपर्यंत थांबून एक लिटर ओतलं, थेंब झटकला, मीटर शून्यावर आणला.

मास्तर हळूच म्हणाले, "दादा, सीट फार खाली आहे बरं का. तुम्ही आपले इथंच सावलीला—"

"भाऊजी, मोजणारा मापापासून लांब बसला की माप खोटं होतं." असं म्हणून दादांनी दाराला धरलं, डोळे मिटले आणि सोडलं बूड.

चर्रर्र!

दादांनी डोळे उघडले नाहीत. तसेच म्हणाले, "चला. आणि उतारावर इंजिन चालू ठेवायचं. मला सगळं ठाऊक आहे."

निघाली वरात. शाळेवरून, टपालकचेरीवरून, रोजची गिऱ्हाइकं, रोजची वळणं. मास्तर अनवाणी पायानं पेडलला नुसतं गोंजारत होते. दादा मांड्यांवर माप ठेवून खांबासारखे बसलेले. गाडी एकदा खोकली, दुसऱ्यांदा खोकली आणि मरायला जागा तरी कुठली शोधावी? बरोबर न्हाव्याच्या दारात! मीटर साडेनऊच्या किंचित पुढे.

"साडेनऊ!" न्हावी आतल्या गिऱ्हाइकाचा अर्धा गाल तसाच टाकून धावत आला. "मास्तर, बाकीचे साडेपाच काय तंबूत ठेवले?"

मास्तर उतरले. दादा मात्र उतरेनात. मग दादा खालच्या आवाजात म्हणाले, "भाऊजी, तुमची शिवण गेली आहे. मागून, पार टोकापर्यंत. सुईदोरा आणा."

मास्तर दुकानाकडे निघाले. करायला गेलो काय आणि झालं काय! खोली गेली, अब्रू गेली, वर स्वतःच्या हातची शिवण भर बाजारात उसवली. सुईत दोरा ओवायला त्या दिवशी त्यांना जेवढा वेळ लागला तेवढा शिकाऊ असतानाही लागला नसेल.

इकडे दादा गाडीत अडकलेले. उतरायची सोय नाही, करायला काम नाही. आणि जन्मभर काटे तपासलेल्या माणसापुढे मीटरची धुळीनं माखलेली काच! त्यांनी रुमाल काढला, थुंकी लावली, काच पुसायला घेतली. कडेला काळपट पडलेली बारीक इंग्रजी अक्षरं होती. तीही घासली. मग नाक काचेला लावलं.

मास्तर परत आले तेव्हा दादा गाडीत उभे होते! विसरलेच होते बिचारे. मागची माणसं तोंडाला हात लावून वळली होती.

"भाऊजी! हे मैल आहेत!"

"काय आहेत?"

"मैल, मैल! किलोमीटर नाहीत! एक मैल म्हणजे एक किलोमीटर आणि वर अर्ध्याहून जास्त. म्हणजे साडेनऊचे झाले..." दादांनी आकाशाकडे बघून ओठ हलवले, पुन्हा हलवले. "पंधरा! वर थोडे शिल्लकच."

न्हाव्याच्या हातातून वस्तरा पडायचा राहिला. मास्तरांनी मात्र हातातली सुई सदऱ्याला टोचली. इतकी वर्षं ज्या खोट्याची लाज वाटत होती, ते खोटं आतून खरंच होतं! स्कूटरचा साठ आणि गाडीचा चाळिशीच्या आत, ते कोडंही तिथंच सुटलं.

न्हाव्यानं आपली पांढरी चादर दिली. ती कंबरेला गुंडाळून दादा बहिणीसमोर उभे राहिले आणि न्यायाधीशासारखे म्हणाले, "हे बघ, तू माझी सख्खी बहीण. पण माप म्हणजे माप. पंधरा देते."

बाईंनी एकदा आपल्या मशीनकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे. मास्तर जिंकलेल्या माणसासारखे दिसत नव्हते. खिडकीकडे बघत उभे होते. बाईंनी पदर खोचला.

"बोलले म्हणजे बोलले. गाडी राहू दे तिथंच. पण एक सांगा. ते मैल आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं? होतं म्हणालात, तर इतकी वर्षं मला उगाच का रडवलंत? नव्हतं म्हणालात, तर पंधरा पंधरा म्हणून गावभर सांगत फिरलात ते काय होतं?"

दादांनी चादर सावरली आणि मास्तरांकडे पाहिलं. दोन्हीकडून शिवण बंद! मास्तरांनी गळ्यातला टेप काढला, हळूहळू गुंडाळला, खिशात ठेवला आणि म्हणाले:

"ठाऊक नव्हतं. मी खोटंच बोलत होतो. ते खरं निघालं ह्यात माझा काय दोष? मशीन उद्या पुढच्या खोलीत घे, खिडकीपाशी. आणि तो तंबू गिऱ्हाइकाचा नाही, गाडीचा आहे. हरणारच म्हणून आधीच शिवून ठेवला होता. आता जिंकलो म्हणून एवढं कापड उसवत बसू होय? दादांची पँट तेवढी सैल करून देतो, पण त्यांना सांग, पुन्हा गाडीत बसायचं असेल तर कंबर चौतीस!"