आबांची बारीक मेंढरं

वडगाव रासाईच्या म्हस्कूआबांचा हरभरा माझ्यामुळे गेला. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

मी जिवाणू खतांच्या एका लहानशा कंपनीचा प्रतिनिधी. शिरूर आणि दौंड हे दोन तालुके माझ्याकडे. बियाण्याला चोळायची पाकिटं गावोगाव पोचवायची आणि ती कशी वापरायची ते सांगायचं, एवढंच काम. त्यातले जिवाणू मुळांवर गाठी धरून पिकाला नत्र देतात आणि मर रोगापासून राखतात. पहिल्या भेटीत मी आबांच्या तळहातावर काळी भुकटी ओतली आणि म्हणालो, "यात कोट्यवधी जीव आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत."

आबांनी मूठ हलकेच मिटली. "जित्ती हायेत?"

"हो."

"मंग आसं उन्हात काय उभं ऱ्हायलात, साहेब? कोकरू आसं धरलं आसतं व्हय?" आणि मूठ पोटाशी धरून ते लिंबाच्या सावलीत गेले.

अर्धा जन्म मेंढरांमागे गेलेला माणूस. कळप मोडून नदीकाठच्या तीन एकरांत स्थिरावले होते. बायको वारलेली, मुलगा सणसवाडीत कंपनीत, खोलीही तिथेच. घरात बोलायला कुणी नव्हतं. मग आबा जिवाणूंशी बोलायचे. त्यांना 'बारीक मेंढरं' म्हणायचे.

हरभरा पेरायच्या दिवशी त्यांचं अंगण भरायचं. शेजारपाजारचे आपापलं बियाणं घेऊन यायचे, कारण चोळावं तर आबांनीच. गोणपाटावर हरभरा पसरून ते गुळाचं पाणी शिंपडायचे, वर भुकटी टाकायचे आणि एक दाणा दुखावणार नाही अशा बेतानं हात फिरवायचे. चार काठ्यांवर घोंगडं ताणून त्याच्या सावलीत बी सुकवायचे. कुणी घाई केली की म्हणायचे, "थांब की मर्दा, मेंढरं बसाया लागल्यात."

महिन्याभरानं एखादं रोप उपटून ते मुळावरची गाठ नखानं फोडायचे. आत जिवंत गाठीचा गुलाबी रंग दिसला की हात माझ्यापुढे करायचे. "बगा, चरत्यात."

त्या वर्षी ऑक्टोबरात मी त्यांच्याकडे पाकिटांचं खोकं घेऊन निघालो. वाटेत सणसवाडीत मित्राकडे जेवायला थांबलो. मटण चांगलं झालं होतं. पंख्याखाली डोळा लागला तो चारला उघडला. खोकं गाडीत, काचा बंद, गाडी उन्हात. हात लावला तर पाकिटं भाजत होती. परत कंपनीच्या गोदामात जाऊन दुसरी आणायला हवी होती. उद्या पेरणी होती. मला कंटाळा आला. खरं कारण एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी पाकीट फोडून नाकाशी नेलं. "साहेब, वास न्हाई येत मातीचा. झोपल्यात का मेल्यात?"

"ओलावा मिळाला की उठतील, आबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुमी म्हंता तर उठत्याल." आणि बाह्या सावरून बसले.

पिकात आधी ठिपक्याठिपक्यानं मर लागली. मग पट्टेच्या पट्टे पिवळे पडून वाळले. चोळलेलं बियाणं ज्या चौघांनी नेलं होतं, त्यांचंही तेच. मी गेलो तेव्हा आबा वावरात उकिडवे बसून एकेक रोप उपटत होते. मुळं जवळजवळ बोडकी. बांधावरून शेजारच्या नामदेवनं हाक दिली, "आबा, मेंढरं लांडग्यानं न्हेली काय वो?"

आबा हसले. ते हसू मला अजून दिसतं.

"माजाच हात बाधला," ते मला म्हणाले. "तंबाखू मळून तसाच बियाला घातला आसंन. त्याबिगर का मरत्याल?"

मी म्हणालो, "असेल, आबा." नुसतं गप्प बसलो असतो, तरी आज थोडं हलकं वाटलं असतं.

त्या दिवसापासून त्यांनी तंबाखू सोडली. चाळीस वर्षांची सवय. आणि बियाणं चोळणंही सोडलं. पुढच्या वर्षी मी चांगली पाकिटं थंड डब्यात घालून नेली. सगळं विसरून नामदेवही पाटी घेऊन आला होता. आबांनी दोन्ही हात धोतराला पुसले आणि मागे घेतले. "तुमीच चोळा. माज्या हातात जीव ऱ्हात न्हाई." मी चोळत होतो आणि ते लांब, गोठ्याच्या कडेला बसून पाहत होते. हरभरा झकास आला. त्यानं तर त्यांची खात्रीच पटली.

पुढे अंगणात कुणी येईनासं झालं. लोक घरीच चोळायला शिकले होते. मी मात्र जात राहिलो. दर खेपेला सांगायचं ठरवून निघायचो. चहा पिऊन परतायचो. आबा फाटकापर्यंत यायचे, गाडीत डोकावायचे. "मेंढरं सावलीत हायेत न्हवं?" एवढंच विचारायचे. त्यांना कळलं होतं का, हे मला माहीत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आबा गेले. मुलगा म्हणाला, शेवटी शेवटी नातवाच्या डोक्यावरून हात फिरवायलाही कचरायचे. म्हणायचे, "लांबनंच बरं."

मला त्यांना एकच वाक्य सांगायचं होतं: आबा, तुमच्या हातात दोष नव्हता, मेंढरं मी मारली. ते आता त्यांना ऐकू जाणार नाही. पण नामदेव आहे, ते चौघे आहेत, आबांचा मुलगा आहे. त्यांच्यासमोर उभं राहून हे बोलायचं देणं माझ्यावर अजून आहे. इथे लिहिल्यानं ते फिटलेलं नाही.