इनासची दोरी

साठीला टेकलेली असताना मी गवंड्याच्या खुंट्या चोरून सरकवल्या. बारा वर्षं झाली त्याला. इनास मेस्त्री आमच्या नव्या घराच्या जोत्याची दोरी खुंट्यांवर ताणून दोन दिवस भाचीच्या लग्नाला वेंगुर्ल्याला गेला होता. त्याची माणसं माडाखाली जेवत होती. विहिरीकडच्या दोन खुंट्या मी उपटल्या, चार हात पुढे ठोकल्या, आणि पदर सावरत त्याच माणसांना सोलकढी वाढायला गेले. चोरी करून वर वाढपीण.

हे आठवलं ते तीन आठवड्यांपूर्वी, इनासच्या बायकोचा, मारीचा फोन आला तेव्हा. "वयनी, इनास सकाळी गेलो," एवढंच बोलली. मी त्यानेच बांधलेल्या भिंतीला टेकून उभी राहिले...

घर बांधायला घेतलं तेव्हा आमची तिन्ही मुलं बाहेरगावी गेलेली. ह्यांचं मुंबईत हृदयाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी जिने बंद सांगितलेले, आणि आमचं भाड्याचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर. इनासने काठीने मातीत घर काढून दाखवलं. स्वयंपाकघर, निजायची एक खोली, आणि मध्ये एक मोठी खोली. पायरी कुठेच नाही. मोठ्या खोलीत खाचेत बसणाऱ्या फणसाच्या फळ्या. "पोरां इली की फळयो घाला, दोन खोल्यो. गेली की काढा." मला मात्र तीन मुलांच्या तीन खोल्या हव्या होत्या. खोली असली की मूल येतं, असं माझं त्या वेळचं शास्त्र.

"वयनी, ती वर्साचे धा दिस येतली. बाकीचे दिस केर कोणाचो काढतलास?"

मी मान डोलावली. मग तो लग्नाला गेला, आणि मी खुंट्यांकडे.

तो परतला तोवर चिऱ्यांचा एक थर बसला होता. त्याने पावलांनी जोतं मोजलं. पुन्हा मोजलं. माणसांचे हात थांबले.

"गुरांचो धक्को लागलो असतलो," मी म्हटलं.

"गुरां दोनय खुंट्यो सारक्योच चार हात नेतत?"

चिरे लहान घरापुरतेच आणलेले. मोठ्या जोत्यावर भिंती अर्ध्यातच राहिल्या असत्या, आणि महिनाभरात हे गाडीतून उतरणार होते... कुठे? इनास हत्यारं पिशवीत भरू लागला. थापी गेली, हातोडी गेली. ओळंब्याला त्याने हात घातला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मियाच केलंय."

त्याने दोन्ही खुंट्या उपटून जुन्या जागी ठोकल्या आणि दोरीचं टोक माझ्या हातात दिलं. "धरा. हलू नकात." दोन दिवस तो चिरे उचकटून परत बसवत होता आणि मी उन्हात दोरी धरून उभी. इतकी गप्प मी माझ्या लग्नातही नव्हते.

हे त्या घरात नऊ वर्षं जगले, एकही पायरी न चढता. चतुर्थीला फळ्या लागतात, अकरा माणसं मावतात. मुलं गेली की मी एकेक फळी काढून ठेवते. प्रत्येकीवर इनासने छिन्नीने क्रमाचा आकडा कोरलाय. माझा भरवसा नव्हता ना.

सातव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर मारीने त्याच्या पिशवीतून ती दोरी काढली, चुन्याने पांढरी झालेली, आणि माझ्या ओंजळीत ठेवली. म्हणाली, "वयनी, ही तुमीच ठेवा. तो सगळ्यांका सांगायचो, खुंट्यो वयनीनच हलवल्यान, पण दोरी दोन दिस धरल्यान आणि हात हलवल्यान नाय."